वाघाची बाई

चहा अर्धाच झाला होता. टपरीवाल्यानं कौतुकानं मोबाइलवर माझं गाणं लावलं, आणि शेजारच्या बाकावरच्या म्हातारीनं झटकन नातीचा दंड धरून तिला पदराखाली ओढलं. पोरीच्या हातातलं बिस्किट खाली पडलं. म्हातारीनं ते उचललं नाही. ती रस्त्याकडे बघत राहिली, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, आणि तिकडून ट्रकांशिवाय काहीच येत नव्हतं. चंद्रपूरचा मूल रोड, सकाळची वेळ, शाळेच्या रिक्षा, पोह्यांची गाडी, आणि ही बाई श्वास रोखून बसलेली. मी विचारलं, "काय झालं बाई?"

"चूप ना, आयक," ती कुजबुजली. "वाघाची बाई बोलून राह्यली."

"कोण बाई?"

"आमच्या गावात फिरते ना, त्या भोंग्याच्या गाडीतली. ते बोलली का वाघ असतेच."

टपरीवाला खो खो हसला. "अवो आजी, गाणं आहे ते! अन या मॅडमनंच म्हटलं आहे, ह्या काय तुमच्या बाजूले बसल्या." म्हातारीनं माझ्याकडे नीट पाहिलं. आता लाजेल, हसेल, निदान 'अगं बाई' तरी म्हणेल असं मला वाटलं. तिनं नातीला कडेवर घेतलं, चहा तसाच टाकला आणि तरातरा निघून गेली.

मी हसले. राग आला की मी आधी हसते, ही माझी जुनी खोड. मनात म्हटलं, गेली उडत, एका म्हातारीनं काय होतंय. आज माझं गाणं बाहेर आलं होतं, पहिलं, एकटीचं, माझ्या नावानं, दिव्यानी या नुसत्या नावानं, मागे बँड नाही, पुढे बँड नाही. मध्यरात्रीपासून लोक ऐकत होते, मोबाइलवर बदाम पाठवत होते. पण मीही चहा अर्धाच टाकला. ती म्हातारी चुकली नव्हती. वाघाची बाई मीच आहे. हे मी विसरले होते असं म्हणणंही खोटंच, मी ते बाजूला ठेवलं होतं, नको असलेलं भांडं माळ्यावर टाकावं तसं.

चंद्रपुरात रॉक बँड असतो हे ऐकून लोक हसतात. हसा. आमच्या बँडचं नाव 'काळी धूळ'. कॉलेजपासून मी त्यात ओरडत आले. गायची म्हणणं बरोबर नाही, ओरडायचीच. प्रफुल गिटार, चंदन ड्रम, आणि मध्ये मी, काळ्या टी-शर्टात, गळ्याच्या शिरा ताणून. गॅदरिंग, गणपती, एका मॉलचं उद्घाटन. लोक यायचे, चाट घ्यायचे, आमच्याकडे पाठ करून खायचे आणि आपसांत आणखी मोठ्यानं बोलायचे, कारण आमच्यामुळे त्यांना ऐकू येत नसे. इतकी वर्षं मी जास्त करून पाठीच पाहिल्या. पाठीला पाहून गाणं म्हणणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. मला पैसा नको होता असं नाही, नाव नको होतं असंही नाही, पण खरं सांगायचं तर माझी एकच इच्छा होती, लहान, अगदी मूर्ख वाटेल अशी. मी गावं आणि समोरच्या एकाही माणसानं जागचं हलू नये. बस्. मग डॉक्टरनं घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाला, असंच ओरडत राहिलात तर बोलायलाही आवाज उरणार नाही. मी बँड सोडला. चंदन अजून माझ्याशी बोलत नाही. प्रफुल मात्र माझ्याबरोबर आला, कारण प्रफुल कुणाहीबरोबर येतो, हाच त्याचा गुण आणि हीच त्याची कटकट.

तोच गाडीत हॉर्न वाजवत होता. "चल ना वं दिव्या, उशीर करून राह्यली! गावात सारे वाट पाहून राह्यले." गाव म्हणजे कोसमटोला, सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून. तिथे आज मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर गाणार होते आणि पुण्याच्या कंपनीतला एक माणूस ते मोबाइलवर बघणार होता. त्याला गाणं आवडलं होतं, पण पुढचं सगळं त्यानं आजच्यावर ठेवलं होतं. त्याला मातीतलं काहीतरी हवं होतं. मागे झाडं हवीत, समोर बाया बसलेल्या हव्यात, मोहाचा हंगाम आहे तर टोपल्या असल्या तर उत्तमच. मी त्याला म्हणाले होते की मी माजरीची, कोळशाच्या वस्तीतली, माझ्या मातीत मोह नाही. तो म्हणाला, तेही छानच आहे, पण मोह घेऊ.

मूल गावापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना साग उभा होता, पानगळीनं उघडा पडलेला, त्यातून लांबवर दिसत होतं आणि तरीही काही दिसत नव्हतं. मला स्टुडिओ आठवत होता. स्टुडिओ म्हणजे प्रफुलच्या घरातली मागची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. बँडवर पोट भरत नाही म्हणून प्रफुल तिथे जाहिराती करायचा, साड्यांचा सेल, निवडणूक, हरवलेला म्हातारा, जे येईल ते. त्याची एक भोंगेवाली गाडीही होती, गावोगाव फिरणारी. एकदा वनखात्याचं काम आलं. गावाच्या जवळ वाघ दिसला की वाजवायची सूचना हवी होती. मी माइकपुढे उभी राहिले आणि सवयीनं ओरडले, सावधान! प्रफुलनं कानावरचा हेडफोन काढून टेबलावर आपटला. "अवं, वाघाले भेववून राह्यली का मानसायले? ओरडू नको. घरच्या मानसाले सांगतो तसं सांग. मायेनं सांग." मी दोनदा हसले, पाणी प्यायले, डोळे मिटले. आणि मग तो आवाज आला. खालचा, संथ, जरा ओलसर. 'सावधान. गावकरी भाऊ-बायांनो, आपल्या शिवारात वाघ आहे. मुलांना आत घ्या. एकट्यानं मोहाला जाऊ नका. वाकून काम करू नका. घरातच राहा.' एकाच दमात झालं. प्रफुलनं ते मागे घेऊन परत ऐकलं. नंतर म्हणाला, "हा आवाज कुठी लपवून ठेवला होता तुनं?" मला स्वतःलाच माहीत नव्हता. मी त्या दिवशी घरी गेले ती चालत गेले, तोंडातल्या तोंडात तो आवाज धरून, सांडू नये म्हणून. सगळा प्रकार तिथून सुरू झाला. गाणं नंतर आलं. गाण्यातला आवाज आधी वाघासाठी निघाला होता.

आणि त्याच्याही आधी तो माझा नव्हताच. हे मला आज गाडीत, मूल गाव मागे पडल्यावर कळलं. माजरीला आमच्या क्वार्टरपासून खाण दूर नव्हती. दुपारी सुरुंग लावायच्या आधी भोंगा व्हायचा, लांबलचक, पोटात खड्डा पाडणारा. आई भोंग्याच्या आधीच दारात यायची. तिला कसं कळायचं कोण जाणे. बाकीच्या आया किंचाळायच्या, पोरांची नावं घेऊन शिव्या द्यायच्या. माझी आई, सुगंधाबाई, आवाज चढवायची नाही. अंगणात मी मातीत बोटं घालून बसलेली असायची आणि मागून ती म्हणायची, "दिव्या, आत ये." एवढंच. त्या आवाजाला मी कधी 'थांब ना' म्हटलं नाही. दुसरं काहीही सांगितलं तर मी वाद घालायची, आडवी पडायची, पण त्या दोन शब्दांना पाय आपोआप उठायचे. मग दार लागायचं, कडी बसायची, आई मला पोटाशी धरायची, आणि जमीन हलायची. भांडी वाजायची. मग सगळं शांत. तिच्या साबणाचा वास. मला आत बरं वाटायचं आणि आत गुदमरायचंही, दोन्ही एकाच वेळी, आणि मोठी झाल्यावर मी ओरडायला का लागले याचं उत्तर बहुतेक तिथेच कुठेतरी आहे. तर तो आवाज. आईचा. आयुष्यभर ज्याचा अर्थ एकच होता, आत ये. त्या आवाजात मी आता गात होते:

चल ना बाहेर, उन्हात बसू,
रडलो ते पुरे, थोडंसं हसू.

मी खिडकीची काच खाली केली. गरम हवा आली, तिला मोहाचा गोड, जरा आंबूस वास होता. मी प्रफुलला टपरीवरची गोष्ट सांगितली. वाटलं तो थट्टा करेल. तो खरंच खूश झाला. "मंग? पाह्य ना, तुया आवाज ओळखते लोक! मी तेच म्हनतो. म्हनूनच त मी गाडी पाठवली."

"कुठली गाडी?"

"भोंग्याची. सकाळपासून फिरून राह्यली ना गावागावात. तुयं गाणं लावून. पब्लिक जमाले पाह्यजे का नाई?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो गाडी चालवत होता, खिडकीत कोपर, बोटांनी ताल धरलेला, चांगलं काम केल्यावर माणूस दिसतो तसा. मी विचारलं, तीच गाडी? वाघाची सूचना देते तीच? तो म्हणाला, "दुसरी कुठून आनू?" मी विचारलं, सुरुवात तशीच ठेवलीस? नुसता आवाज, वाद्यं मागून? तो म्हणाला, "तेच त सुंदर आहे." मी म्हणाले, अरे प्रफुल, तिकडे वाघीण आहे ना, पिल्लांची? महिनाभर ती गाडी त्या गावांना घरात बसा म्हणून सांगतेय ना? आता कुठे त्याच्या बोटांचा ताल थांबला. "अवं, गाणं अन सूचना वेगळी राह्यते," तो म्हणाला. "लोक का येडे आहेत?" मी ड्रायव्हरला फोन लावायला सांगितला. फोन लागला नाही. त्या रस्त्यावर कुणाचाच लागत नाही. मी पुन्हा लावला, पुन्हा, मग नुसता हातात धरून बसले. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राचा फलक गेला, बाजाराचा दिवस नव्हता तरी गर्दी दिसली, आणि मग परत झाडं. मला वाटत होतं की गाडी जागच्या जागी उभी आहे आणि झाडंच मागे नेली जातायत. दार उघडून उतरावं असं वाटलं. उतरून जाणार कुठे?

कोसमटोल्याचं पटांगण भरलं होतं. अक्षरशः माणसाला माणूस लागून. बाया, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, शाळेच्या भिंतीवर चढलेली पोरं. मंडपाच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर लावले होते, त्यांची तोंडं थेट जंगलाकडे. माझ्या पोटात एकदम काहीतरी उमललं, लाज वाटते सांगायला, पण उमललं. इतके लोक माझ्यासाठी! तोंडं माझ्याकडे, पाठ एकाचीही नाही. प्रफुल माझ्या कानाशी म्हणाला, "पाह्यलं? तू फुकट भेवून राह्यली होती." गावात रेंज होती, पुण्याचा माणूस जोडला गेला होता, मोबाइल तिपाईवर उभा होता. मी स्टेजच्या पायरीवर चप्पल काढली. तिथे एक बाई आली, साठीची असेल, हिरवं लुगडं, हातात काकडीच्या फोडी. धुरपताबाई म्हणतात मले, ती म्हणाली, गावातल्या बचतगटाची मीच अध्यक्ष. तिनं माझ्या हातात फोडी कोंबल्या आणि माझा गाल दाबला.

"पोरी, तुले पाह्यची लय इच्छा होती. महिना झाला, रोज तुया आवाज आयकतो अन दार लावतो. तुया पायी जिते आहो आमी. आज सकाळी तुनंच सांगलं, चल ना बाहेर. आमी म्हनलं, सुटलो! पकडली वाघीन."

"कोणी पकडली?"

"आता मले का माहीत? तुले माहीत राह्यते ना." ती हसली. तिच्या पुढच्या दातांत फट होती. "वाघ आला म्हनून सांगाले गाडी येते. गेला म्हनून कधी कोनी आलं नाई. आज पहिल्यांदा आली. बाया रडल्या, खरं सांगतो. मोह सारा झाडाखाली सडून राह्यला होता, डुकरं खाऊन राह्यले होते. साऱ्या पोरी पळाल्या मोहाले. मायी सून बी गेली, करिश्मा. म्हनलं जोडीनं जाय, तर म्हने, आता का भेव आहे, बाईनंच सांगलं."

"एकटी गेली?"

"एकटीच."

मी प्रफुलकडे पाहिलं. त्यानं ऐकलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण हातानं तो मला स्टेजकडे ढकलतच होता, हळूच, सवयीनं. वाघीण पकडली होती का? असेलही. चार कोसांवर निघून गेली असेल, पिल्लांना घेऊन नाल्यात झोपली असेल, किंवा ह्या पटांगणामागच्या पहिल्याच झुडपात असेल. मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी शे-दीडशे बाया माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी तिला माझ्या हातांनी पिंजऱ्यात घालून आले. करिश्मा आत्ता झाडाखाली वाकली असेल. मोह वेचायचा म्हणजे वाकावंच लागतं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, म्हणून तर 'वाकून काम करू नका' हे मीच रेकॉर्ड केलं होतं.

मी माइक हातात घेतला. काय शांतता पडली म्हणता! तान्ही पोरंसुद्धा गप्प. कुणी खोकलं नाही. हे मी मागितलं होतं, हेच, इतकी वर्षं. मला राग आला. म्हातारीचा आला, प्रफुलचा आला, आईचा आला, त्या वाघिणीचाही आला. एक गाणं! एक गाणं म्हणू दे की मला. चार मिनिटांत काय होतंय? गाणं संपवून सांगता येईल. आधी गाऊ, मग सांगू. मी श्वास घेतला, आणि पहिला शब्द ओठांवर आलाही होता. समोर धुरपताबाई फट असलेले दात दाखवत हसत होती. तिनं पोरांना पुढे बसवलं होतं, उन्हात.

मी ओरडून सांगायचा प्रयत्न केला. आवाज फाटला. बँडचा आवाज, घोगरा, मोठा. "घरी जा! जंगलात जाऊ नका!" काही बाया हसल्या. त्यांना वाटलं, ही गाण्याची सुरुवात. कुणी हललं नाही. तो आवाज कुणाचा ते त्यांना माहीतच नव्हतं. आता एकच आवाज उरला होता. मी डोळे मिटले आणि तो घेतला, खालचा, संथ, आईचा.

"सावधान," मी म्हणाले. "भाऊ-बायांनो, वाघ गेलेला नाही. मुलांना आत घ्या. मोहाला गेलेल्या साऱ्या जणींनो, उभ्या राहा, वाकू नका, एकमेकींना हाक द्या, आणि आत या. आत या."

स्पीकर मोठे होते. आवाज झाडांत गेला आणि परत आला. डोळे उघडले तेव्हा पटांगण उठत होतं. आरडाओरडा नाही, रेटारेटी नाही. बाया उठल्या, पोरं उचलली, पाठ फिरवली आणि चालू लागल्या. पाठी. सगळ्या पाठी. दारं लागत गेली, एकेक. "अवं, लाईव्ह चालू आहे!" प्रफुल म्हणाला, पण फार जोरानं नाही, आणि मग त्यानं स्वतःच तिपाईवरचा मोबाइल पालथा केला. मी तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आत या, आत या, घसा कोरडा पडेपर्यंत. तेव्हा झाडांच्या कडेला लुगड्यांचे रंग दिसले. पोरी येत होत्या, घोळक्यानं, डोक्यावर टोपल्या, कुणाची सांडत होती. सगळ्यात मागे एक येत होती, ती पळत नव्हती. टोपली भरलेली होती आणि तिला ती सांडायची नव्हती. स्टेजजवळून जाताना ती थांबली, माझ्याकडे वर बघून चिडक्या आवाजात म्हणाली, "सकाळी बाहेर ये म्हने, आता आत ये म्हने. आमी कोनतं खरं मानाव बाई?" आणि उत्तराची वाट न बघता धुरपताबाईच्या घरात शिरली.

पटांगण रिकामं झालं. खुर्च्या, चपला, काकडीची सालं. प्रफुल गाडीत जाऊन बसला होता आणि काचा वर केल्या होत्या. मी माइक धरून उन्हात उभी होते. मागे जंगल होतं, मला त्याच्याकडे वळून बघायचं धाडस होत नव्हतं. जे गाणं मी इतकं जपून आणलं होतं ते आता ह्या गावांत पुन्हा कधी वाजणार नव्हतं, मी स्वतःच वाजू देणार नव्हते, आणि मला रडू येत होतं, अगदी लहान पोरीसारखं, नाक वाहत. मागून हाक आली. मोठी नव्हती. धुरपताबाई दारात उभी होती, एक हात कडीवर.

"पोरी," ती म्हणाली, "तू बी आत ये."

त्या आवाजाला नाही म्हणता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? माझे पाय माझ्या आधी निघाले. आत अंधार होता, मोहाचा वास होता, आणि बाया भिंतीला टेकून दाटीवाटीनं बसल्या होत्या. कुणीतरी सरकून मला जागा दिली. धुरपताबाईनं कडी लावली.